घड्याळवाल्याच्या पाठीवरचा कोट

मी एक कोट आहे. गडद राखाडी, लोकरीचा, तीन बटणांचा. आता कोपरांवर माझी लव उडाली आहे आणि कॉलर गुळगुळीत झाली आहे, पण एके काळी मला अंगात घालून निघालेल्या माणसाकडे लोक वळून बघायचे. खोटं वाटलं तर वाटू दे. म्हातारपणी थोडी बढाई मारायची मुभा कोटालाही असावी.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. दुकान एक, धंदे दोन. दाराकडच्या बाजूला शिलाईमशीन, कापायचं टेबल आणि उभा आरसा. ही बाजू बाईंची. खिडकीकडे एक ठेंगणं टेबल, काचेची पेटी आणि भिंतीवर टिकटिकणारी पंधरा-वीस घड्याळं. ही बाजू त्यांच्या नवऱ्याची. बाई कपडे शिवायच्या, तो घड्याळं दुरुस्त करायचा. आलेलं गिऱ्हाईक दिसावं म्हणून बाई दाराकडे तोंड करून बसायच्या आणि उजेड मिळावा म्हणून तो खिडकीकडे. म्हणजे दिवसभर दोघं पाठीला पाठ लावून. बोलणं मात्र अखंड चालायचं, मान न वळवता.

बाईंना सगळी गल्ली बाई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्याला मात्र मी एकेरीच हाक मारतो. ज्याच्या गळ्यात रोज पडायचं, त्याला अहो-जाहो काय करायचं?

शिवणकाम बाईंनी वडिलांकडून घेतलं. वडिलांचा एक नियम होता आणि बाईंनी तो गाठीला बांधून ठेवला होता. गिऱ्हाइकाच्या अंगात काही उणं दिसलं तर ते कापडात भरून काढायचं, तोंडाने बोलून दाखवायचं नाही. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो, कुणाच्या पाठीला बाक असतो, कुणाचं पोट त्याच्या आधी दुकानात शिरतं. बाई मापाच्या वहीत कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खुणा करत. टिंब म्हणजे उतरलेला खांदा, आडवी रेघ म्हणजे बाक, वाटोळं म्हणजे पोट. वही चुकून गिऱ्हाइकाच्या हाती पडली तरी त्याला वाटावं, पेन्सिल घसरली असेल.

त्यात माप घेताना माणसं खोटं बोलतात, म्हणजे अंगाने बोलतात. गळ्यात टेप अडकवलेली बाई समोर आली की भलेभले छाती पुढे काढतात, पोट आत ओढतात आणि श्वास रोखतात. त्या मापावर कोट शिवला तर तो फक्त श्वास न घेता घालता येईल. म्हणून बाई मधेच काहीतरी भलतंच विचारतात. माझ्या वेळी घड्याळवालाही ताठ उभा राहिला.

"दारातून आलात तसे उभे राहा," बाई म्हणाल्या.

"मी असाच असतो."

"अस्सं? मग श्वास कधी घेता?"

"माप घेऊन झालं की."

"बरं. निघताना घराला कुलूप तुम्ही लावलंत ना?"

त्याचे खांदे खाली आले, पोट जागेवर आलं आणि तो कुलूप आठवायला लागला. तेवढ्यात बाईंनी टेप फिरवली. त्याच मापाचा त्यांनी जाड तपकिरी कागदावर माझा नमुना कापला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण नवऱ्यासाठी त्या पहिल्यांदाच कोट शिवत होत्या. दुसऱ्यांची कामं उरकता उरकता घरचं राहून जातं, तसं झालं होतं. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला आमच्यात माया म्हणतात. माझ्यात बाईंनी ती जरा सढळ हाताने ठेवली.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या पाठीवर सुरकुती शोधून सापडली नसती. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी बाई मला खुंटीवरून काढायच्या, त्याच्या अंगावर चढवायच्या, कॉलर सारखी करायच्या आणि दोन पावलं मागे सरून बघायच्या. दिवसभरात दोघं समोरासमोर यायचे ते तेवढेच. मला ती वेळ फार आवडायची.

आता जरा माझं दुखणं सांगतो. कापड शिवून झालं की आपल्या आकाराला धरून राहतं. माणसाचं तसं नाही. हा सकाळी दहाला टेबलाशी बसायचा तो सातला उठायचा. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि मान पार टेबलात घातलेली. चालणं म्हणजे घर ते दुकान, तेही जेमतेम पाचशे पावलं. तिसऱ्या हिवाळ्यात त्याचा उजवा खांदा उतरायला लागला आणि काखेखाली मला तिरपी चुणी पडली. पुढे पाठ वाकायला लागली. माझी कॉलर मानेपासून सुटली. मागून मी वर उचलला जायचो आणि पुढून लोंबायचो.

बाईंच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

"जरा थांबा," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"काही नाही. कापडच असलं निघालं. एक-दोन हिवाळ्यांत बसलं."

माझ्या कापडाला नावं! इतका संताप आला म्हणून सांगू. मी तसूभरही हललो नव्हतो, हलला होता तो. पण वडिलांचा नियम बाईंच्या हाडीमाशी खिळला होता. उणं दिसलं की तोंड मिटायचं आणि सुई हातात घ्यायची. समोर गिऱ्हाईक आहे की नवरा, याचा विचार करायला त्यांचे हात थांबलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला उसवलं. उजव्या खांद्यात एक पातळ गादी गेली. पुढच्या वर्षी मायेतलं कापड सोडून पाठ लांबवली, पुढची बाजू बोटभर उचलली. त्याच्या पुढच्या वर्षी बाह्या काढून जरा पुढे वळवून पुन्हा लावल्या, कारण खांदे पुढे आले होते. मग मानेखाली कापसाचा थर, मग कमरेच्या वरच्या खोलगट जागी आणखी एक. आतून मी गादीवाल्याच्या दुकानासारखा झालो. बाहेरून मात्र त्याची पाठ अशी सरळ दिसायची की बघत राहावं. गल्लीतले लोक म्हणायचे, माणूस कसा ताठ चालतो बघा. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ मी होतो.

इकडे त्याचंही एक गुपित चाललं होतं. त्याचा उजवा हात माझ्या खिशात असायचा. लोकांना वाटायचं, ऐट आहे. खिशात तो अंगठा पहिल्या बोटावर घासत असायचा, घरी पोचेपर्यंत घासत असायचा. त्या अंगठ्याला आणि त्या बोटाला मुंग्या यायच्या. पुढे मुंग्याही यायच्या बंद झाल्या आणि काहीच कळेना. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरला आहे की नाही, हे त्याला डोळ्यांनी बघावं लागायचं. त्यासाठी तो आणखी वाकायचा.

एकदा एका घड्याळाचं झाकण लावून झाल्यावर टेबलावर एक स्क्रू उरला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"काय हो, काय शोधताय?" बाईंनी पाठमोरंच विचारलं.

"काही नाही. भिंग बदलायला झालंय."

दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. हात गेले तर आपण कोण, हा प्रश्न तो स्वतःलाही विचारत नव्हता. हे फक्त मला ठाऊक होतं. बाईंच्या गाद्याही फक्त मला ठाऊक होत्या. दोघांची गुपितं एकाच अस्तरात आणि मी मुका. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आठव्या हिवाळ्याच्या आधी बाईंनी मला नवं अस्तर लावायला काढलं. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी खिसे उलटे केले. डाव्या खिशाचं अस्तर धड होतं, उजव्याचं एकाच जागी घासून जाळीसारखं विरलं होतं. बाई त्या जागी बोट फिरवत राहिल्या. किल्ल्यांनी फाटतं ते असं फाटत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

अस्तर कापायला त्यांनी माझा जुना कागदी नमुना काढला. गाद्या आणि कापूस बाहेर काढून ओळीने मांडला आणि माझी पाठ त्या कागदावर पसरली. जुळेना. त्यांनी कागद फिरवून पाहिला, मला ओढून पाहिलं. मानेपाशी चक्क तीन बोटं फरक होता.

बाई खाली बसल्या. इतकी वर्षं त्या एक-एक टाका घालत होत्या, म्हणून त्यांना एक-एक टाकाच दिसला होता. सगळा फरक एकदम असा टेबलावर पसरलेला त्यांनी कधी बघितला नव्हता.

"अहो, जरा इकडे वळा."

"एवढा काटा बसवू दे."

"काटा राहू द्या."

आवाज ऐकून तो वळला.

"मी तुम्हाला फसवलं," बाई म्हणाल्या.

"कोण आहे तो?" त्याला अजून गंमतच वाटत होती.

"हसू नका. हे बघा." त्यांनी एकेक गादी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "ही पाच वर्षांपूर्वीची. ही त्यानंतरची. हा कापूस मागच्या हिवाळ्यातला. तुमची पाठ वाकत होती आणि मी कोट दुरुस्त करत होते. दुसऱ्या कुणाला बोलले नाही तर चालतं. तुम्हाला बोलायला हवं होतं मी."

तो मांडीवरच्या ढिगाकडे बघत राहिला. मग त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं.

"मग माझंही ऐकून घे. दीड वर्ष झालं. या अंगठ्याला आणि या बोटाला काही कळत नाही."

त्यांनी त्याचा हात ओढून घेतला आणि अंगठा दाबला. "कळतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

त्यांनी छातीवर खोचलेली सुई काढली आणि टोक हलकेच टेकवलं. "आता?"

"थोडं. लांब कुठेतरी टोचल्यासारखं."

"सांगायचं नाही का मला?"

"तू म्हणाली असतीस, काम बंद करा."

"म्हटलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

बाईंनी त्याचा हात सोडला नाही. दोघांचेही डोळे भरून आले होते आणि मी तसाच उसवलेला, टेबलावर पालथा पडलो होतो.

मग दोघं दवाखान्यात गेले, तिथलं सगळं मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरीणबाईंनी त्याची मान आणि पाठ नीट तपासली. मान सतत पुढे राहून तिथली नस दबली आहे, म्हणाल्या. सहा महिने रोज व्यायाम करा, बसायची पद्धत बदला. बोटांना जाण आली तर ठीक, नाहीतर ऑपरेशनचा विचार करू, आणि त्यानंतरही हात पूर्वीसारखा होईल असं नाही. मग त्या म्हणाल्या, "पाठ एवढी वाकेपर्यंत घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" जगाच्या पाठी मापणाऱ्या बाई, आणि दिव्याखाली अंधार.

दुकानात येऊन बाईंनी मला पुन्हा शिवलं, पण त्या पहिल्या कागदाबरहुकूम. गादी नाही, कापूस नाही, लांबवलेली पाठ पुन्हा पहिल्याएवढी केली.

"आता मी काही झाकणार नाही," त्या म्हणाल्या. "कोट तुमची वाट बघेल."

खरं सांगतो, ते दिवस मला जड गेले. मी त्याच्या अंगावर बुजगावण्यावर घातल्यासारखा दिसायचो. कॉलर मागे लोंबतेय, काखेखाली चुण्या, पुढची टोकं गुडघ्यांकडे निघालेली. शिवणकाम करणारीच्या नवऱ्याने असा कोट घालून गल्लीतून जायचं म्हणजे तिनेच आपल्या दुकानावरची पाटी उतरवण्यासारखं. बाई रोज संध्याकाळी मला त्याच्या अंगावर चढवायच्या आणि हात मागे बांधून उभ्या राहायच्या. सुईकडे जाणारे हात धरून ठेवायला त्यांना तेच करावं लागायचं.

शेजारचे निवृत्त हेडमास्तर एकदा थांबलेच. "बाई, हा कोट कुणी शिवला?"

"मीच."

"तुम्ही?"

"कोट बरोबर आहे हेडमास्तर. माणूस दुरुस्तीला टाकलाय."

दुकानात बरेच बदल झाले. त्याच्या टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले. आता घड्याळ त्याच्या छातीपर्यंत वर यायचं, त्याला खाली जावं लागत नव्हतं. टेबल खिडकीपासून हलवून दिवा लावला आणि दोघांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या. दर तासाला बाई मशीन थांबवायच्या आणि म्हणायच्या, "उठा." तो भिंतीला टेकायचा. टाचा, ढुंगण, खांदे आणि डोकं. डोकं सुरुवातीला भिंतीला लागायचंच नाही, मधे बाईंची अख्खी मूठ मावायची. गिऱ्हाइकं विचारायची, काय हो, शिक्षा झालीय का? तो म्हणायचा, जन्मठेप आहे, पंधरावर आणखी सात वर्षं भोगून झालीत. बाई तोंडात टाचण्या धरलेल्या असताना हसायच्या, आणि ते बघून मला धडकी भरायची.

सकाळी दुकानात यायच्या आधी दोघं नदीच्या पुलापर्यंत चालून यायचे. पहिल्या महिन्यात तो अर्ध्या वाटेत बसायचा. चौथ्या महिन्यात बाई बसायला लागल्या आणि तो पुढे जाऊन उभा राहायचा.

बोटांचं मात्र काही खरं नव्हतं. बाई रोज सुईचं टोक टेकवायच्या. कधी कळायचं, कधी नाही. पाचवा महिना संपत आला. खिशात त्याचा अंगठा पुन्हा घासायला लागला आणि माझं नवं अस्तर झिजायला लागलं.

मग एक दिवस काम करताना त्याच्या चिमट्यातून स्क्रू निसटला आणि टेबलावर पडला. त्याच वेळी एक गिऱ्हाईक त्याला काहीतरी विचारत होतं. तो त्याच्याकडे बघत उत्तर देत होता आणि हात टेबलावर चाचपत होता. बोलता बोलता त्याचा अंगठा थांबला. त्याने खाली बघितलंच नाही.

"सापडला," तो म्हणाला.

बाईंनी मशीन थांबवलं. गिऱ्हाइकाला वाटलं, एवढासा स्क्रू सापडला तर या दोघांना झालं काय! बाई तोंडाला पदर लावून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तो अंगठ्याखालचा स्क्रू मागेपुढे फिरवत बसला होता, लहान मूल फिरवेल तसा.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस माझी कॉलर त्याच्या मानेला टेकली. अगदी पहिल्यासारखी नाही, कारण उजवा खांदा पुरता वर आला नाही. काखेखाली एक बारीक चुणी राहिली. मला ती चुणी खुपत होती, पण बाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "राहू दे एवढी."

त्याला सात वर्षं झाली. आता मी थकलो आहे. चार दिवसांपूर्वी त्याने मला खुंटीवरून काढलं आणि बाईंसमोर धरलं.

"याच्यातून तुझ्यासाठी बिनबाह्यांचं जाकीट कर. मागचं कापड अजून भक्कम आहे."

"मला कशाला? माझा स्वेटर आहे की."

"त्या स्वेटरच्या आत कोण आहे ते दिसत नाही. उभी राहा, मी माप घेतो."

"तुम्ही? माप?" बाईंना हसू आवरेना. त्याने टेप उलटी धरली होती. पण तो हसला नाही. त्याने बाईंच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि अंगठ्यांनी मानेपासून खाली हळूहळू चाचपत गेला.

"तुझा डावा खांदा वर आहे. मान पुढे येते. आणि हल्ली जिना चढताना तू डावा पाय ओढतेस."

"काहीतरीच."

"ओढतेस. काल दोनदा कठडा धरलास."

बाई आरशात बघू लागल्या. त्या आरशासमोर त्यांनी शेकडो माणसं उभी केली होती, पण त्या स्वतः नेहमी त्या माणसांच्या मागेच उभ्या असायच्या.

"मला वाटलं, वयच झालं," त्या हळूच म्हणाल्या. "कमरेतून कळ येते. तुम्हाला कशाला सांगायचं, म्हटलं."

"तेच तर," तो म्हणाला. "उद्या सकाळी आधी डॉक्टरीणबाईंकडे जायचं. जाकीट नंतर."

दुसऱ्या दिवशी ते जाऊन आले. बाईंना व्यायाम दिलाय, आता भिंतीला दोघं शेजारी शेजारी टेकतात आणि कुणाचं डोकं आधी लागतं यावरून भांडतात. आज संध्याकाळी मला उसवायला घेतील. बाह्या जातील, कॉलर जाईल, नाव जाईल. वाईट वाटत नाही असं नाही. पण माझ्या पाठीचं कापड सगळ्यात चांगलं उरलंय, आणि त्यातून बाईंची पाठ निघणार आहे.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचा कपडा नीट बसेनासा झाला, कॉलर सुटली, एक बाही लांब दिसायला लागली, तर लगेच सुई घेऊ नका आणि कापडाला नावं ठेवू नका. त्या माणसाला जवळ बसवा, पाठीवरून हात फिरवा आणि काय दुखतंय ते विचारा. मी चौदा वर्षं त्या पाठीला चिकटून होतो, मला सगळं कळत होतं आणि मला एकदाही विचारता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.